एका पोटचे दोन खेळ

२००२-०३च्या सुमारास संध्याकाळी एखाद्या सायबर कॅफेत शिरलात, की मागच्या ओळीतून आरडाओरडा ऐकू यायचा. 'अरे मागून आला, मागून!' 'बॉम्ब लावलाय, पळ!' सहा-आठ पोरं, तेवढेच संगणक, त्यांना जोडणारी लॅनची वायर आणि काउंटर-स्ट्राइक. बाहेरचं इंटरनेट रडतखडत चालत असलं तरी बिघडायचं नाही, कारण खेळ त्या खोलीतल्या खोलीतच चालायचा. मेलेल्या गड्याला फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसावं लागे, म्हणून सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असायचा.

हा खेळ संगणकात ज्या फोल्डरमध्ये असायचा त्याचं नाव मात्र 'हाफ-लाइफ'. हे नाव कशाचं, हे आमच्यात कोणी विचारत नसे. एका दुपारी कॅफे रिकामा असताना मी तो मूळ खेळ सुरू केला. हातात बंदूक नाही, समोर शत्रू नाही. लोखंडी रुळाला टांगलेला एक डबा जमिनीखालच्या बोगद्यांतून संथपणे चाललाय आणि मी त्या डब्यात उभा. खिडकीतून यंत्रं दिसतात, सांडपाण्याचे पाट दिसतात, बंद दारावर ठोठावत उभा असलेला एक पहारेकरी दिसतो. कितीतरी मिनिटं एवढंच. एका माणसाची कामावर जायची रोजची सकाळ होती ती. मी खुर्चीत सावरून बसलो, कारण पुढे काहीतरी भयंकर होणार हे कोणी न सांगता कळलं होतं.

हाफ-लाइफ १९ नोव्हेंबर १९९८ रोजी आला. व्हॉल्व्ह या कंपनीचा हा पहिलाच खेळ. ब्लॅक मेसा नावाची भूमिगत प्रयोगशाळा, तिथे नोकरी करणारा गॉर्डन फ्रीमन हा २७ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ आणि हाताबाहेर गेलेला एक प्रयोग. गोष्टीसाठी कंपनीने मार्क लेडलॉ या कादंबरीकाराला घेतलं होतं. त्या काळच्या बहुतेक खेळांत गोष्ट सांगायची म्हणजे खेळ थांबवायचा, छोटी चित्रफीत दाखवायची आणि मग पुन्हा खेळ सुरू करायचा. हाफ-लाइफने हे टाळलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण गॉर्डनच्या डोळ्यांतूनच पाहतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि तो एक शब्दही बोलत नाही.

या खेळात कोणालाही स्वतःचे बदल करता यावेत अशी साधनं व्हॉल्व्हने खुली ठेवली होती. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी ती वापरून १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक बांधला आणि २००० साली व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला. गॉर्डन, प्रयोगशाळा, परग्रहावरचे जीव, सगळं गेलं. उरले दोन संघ, एक बॉम्ब आणि काही मिनिटांची फेरी. बॉम्ब लावणारे दहशतवादी कोण, त्यांची मागणी काय, बॉम्ब कशासाठी, हे कोणीच सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. चालण्याचा, उडी मारण्याचा, गोळी लागण्याचा मूळ सांगाडा दोन्हींचा एकच. एका पोटची भावंडं इतकी वेगळी निघावीत याचं मला तेव्हापासून नवल वाटत आलंय.

खेळणाऱ्यांमध्ये यावरून जुना वाद आहे. काहींना गोष्ट हवी, काहींना 'नुसता खेळ' हवा, आणि दोघांनाही समोरचा काहीतरी गमावतोय असं वाटतं. हा वाद नेहमी गोष्ट आहे की नाही, या प्रश्नावर घुटमळतो. मला खरा फरक दुसरीकडे दिसतो. गोष्टीचा खेळ संपण्यासाठी रचलेला असतो. तो पहिल्या मिनिटापासून एका शेवटाकडे निघालेला असतो. अनेकांनी मिळून खेळायचा खेळ, तुम्ही उद्या परत यावं म्हणून रचलेला असतो. त्यांची कारागिरी, त्यांचं अर्थकारण, त्यांची स्मरणात राहण्याची रीत, सगळं इथून फुटतं.

आपल्या घरात दोन्ही होते. भातुकलीत कोणी जिंकत नाही. चुरमुऱ्यांचा भात होतो, पाहुणे येतात, बाहुलीचं लग्न लागतं आणि आईची हाक आली की डाव मोडतो. खो-खोमध्ये मात्र हे खांब कशाचे आणि हा पाठलाग कशासाठी, असं विचारलं तर पोरं हसतील. तिथे नियम आहेत, वेळ आहे, गुण आहेत, आणि उद्या पुन्हा डाव आहे. मोक्षपटाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि वरच्या टोकाला मोक्ष, म्हणजे जिवाच्या प्रवासाची अख्खी गोष्ट पटावर मांडलेली. आज मुलं खेळतात त्या सापशिडीतून त्या घरांची नावं गेली, आकडे तेवढे राहिले. हाफ-लाइफमधून काउंटर-स्ट्राइक निघाला तसंच काहीसं हे झालं.

संगणकावरचे सुरुवातीचे कितीतरी खेळ मात्र दोघांसाठी होते. १९५८ साली ब्रुकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडलं, ते दोघांनी खेळायचं. १९६२चा एमआयटीतला 'स्पेसवॉर', १९७२चा अटारीचा 'पाँग', हेही दोघांचेच. प्रतिस्पर्धी म्हणून माणूस बसवला की यंत्राला शहाणपण शिकवावं लागत नाही.

एकट्याने खेळायच्या गोष्टीचा उगम एका गुहेत आहे. विल्यम क्राउथर हे अमेरिकेतले प्रोग्रामर. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर काम करणारे आणि फावल्या वेळात पत्नीसोबत केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहा धुंडाळणारे. त्यांचा घटस्फोट झाला. मुलींशी नातं टिकावं म्हणून १९७५-७६च्या सुमारास त्यांनी त्या गुहांवर शब्दांचा एक खेळ लिहिला. पडद्यावर वर्णन येतं, आपण 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाइप करायचं आणि वर्णन पुढे सरकतं. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढवला आणि 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणून तो संगणकापासून संगणकापर्यंत पसरला. या प्रकारच्या मुळाशी आपल्या लेकींना गोष्ट सांगू पाहणारा एक बाप आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

लगेच, १९७८ साली, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अशाच शब्दांच्या जगात एकाच वेळी अनेकांना सोडलं. त्या खेळाचं नाव 'मड'. एकच वर्णन आता चारजण वाचत होते. गुहेत दुसरा माणूस भेटला की गुहेपेक्षा माणूसच जास्त रंजक वाटू लागतो. बार्टल यांनी पुढे १९९६ मध्ये अशा खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: काहीतरी मिळवू पाहणारे, कोपरे शोधणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात रमणारे. मोबाइलवर रात्र जागवणाऱ्या एखाद्या मित्रमंडळाकडे बघा, हे चौघेही तिथे सापडतात.

भावंडांची फारकत एका कचेरीत अगदी उघड झाली. टेक्सासमधली इड सॉफ्टवेअर ही कंपनी 'डूम' बनवत होती. टॉम हॉल यांनी १९९२ मध्ये त्यासाठी पात्रं, स्थळं आणि घटना यांचा जाडजूड आराखडा लिहिला. त्याला 'डूम बायबल' म्हणत. प्रोग्रामिंगचा कणा असलेल्या जॉन कारमॅक यांना गोष्ट हा खेळाचा दुय्यम भाग वाटत असे. आराखड्यातलं बरंचसं बाजूला पडलं आणि १९९३ मध्ये हॉल बाहेर पडले. त्याच वर्षी १० डिसेंबरला डूम आला. नावापुरती गोष्ट आणि वेग असा की श्वास अडकावा. त्याच्यासोबत एक शब्दही आला, 'डेथमॅच'. संगणक एकमेकांना जोडून चारजणांनी एकमेकांची शिकार करायची. या सामन्यांनी कितीतरी कचेऱ्यांची आणि कॉलेजांची नेटवर्कं तुंबवली. पुढे इडच्याच 'क्वेक' या खेळाचा सांगाडा परवान्याने घेऊन त्यावर व्हॉल्व्हने हाफ-लाइफ उभारला. गोष्टीला दुय्यम मानणाऱ्या माणसाच्या कोडवरच लेडलॉंची गोष्ट चालली.

आता गोष्टीचा खेळ नेमकं काय करतो, जे कादंबरी किंवा सिनेमा करू शकत नाही? याचं उत्तर मला 'ब्रदर्स' या २०१३च्या स्वीडिश खेळात सापडलं. खेळाचं सगळं मर्म सांगतो आहे, तेव्हा ज्यांना तो स्वतः खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा सोडून द्यावा. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध शोधायला निघतात. दोघेही एकाच खेळाडूच्या हातात. डाव्या अंगठ्याने मोठा चालतो, उजव्याने धाकटा. मोठ्याची कृती डाव्या बोटाखाली, धाकट्याची उजव्या. सुरुवातीला बोटं गोंधळतात, मग हळूहळू हातच दोन भाऊ होऊन जातात. धाकट्याला पाण्याची भीती. आई त्याच्यासमोर बुडालेली. पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि थोरला पोहतो.

शेवटी थोरला मरतो. धाकटा एकटा घरी निघतो आणि वाटेत पाणी येतं. उजवं बटण दाबून काही होत नाही, तो काठावरच थबकतो. मग केव्हातरी आपलं डावं बोट, जे इतका वेळ रिकामं पडलेलं असतं, थोरल्याच्या बटणावर जातं आणि धाकटा पाण्यात शिरतो. पडद्यावर एक शब्द येत नाही. गेलेल्या भावाचं बळ आपल्या बोटाला जाणवतं. मी हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा पलीकडच्या काठावर पोहोचल्यावर बराच वेळ कंट्रोलर खाली ठेवला नव्हता. दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचे लेबनॉनचे. यादवी युद्धातून सुटून कुटुंबासोबत लहानपणी स्वीडनला आलेले, आधी सिनेमे केलेले. हा क्षण त्यांना सिनेमात करता आला नसता, कारण सिनेमा बघताना आपली बोटं रिकामी असतात.

त्याच वर्षी लुकास पोप यांनी 'पेपर्स, प्लीज' केला. अर्स्तोत्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर आपण कागद तपासणारे कारकून. जितकी माणसं तपासू तितका पगार. त्यात भाडं, अन्न, शेगडीची ऊब आणि औषध भागवायचं. एक माणूस येतो, त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागे बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. शिक्का आपल्या हातात. दया दाखवली की आपल्या नावावर चूक पडते, आणि अशा चुका साठल्या की पगारातून कापल्या जातात. घरी मूल आजारी असतं. इथे गोष्ट आणि नियम वेगळे काढताच येत नाहीत. पगाराचा हिशोब हीच गोष्ट आहे. सरकारी खिडकीच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या माणसावर रागावलेल्या प्रत्येकाने एकदा त्या खिडकीच्या आत बसून बघावं.

म्हणून 'गोष्ट विरुद्ध खेळ' ही मांडणी मला पटत नाही. पण फक्त गोष्टवाल्यांची बाजू घेऊन थांबलो तर दुसऱ्या भावंडावर अन्याय होईल. अनेकांच्या खेळातही गोष्टी घडतात, फक्त त्या आधी कोणी लिहिलेल्या नसतात.

आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ २००३ पासून चालू आहे. हजारो माणसं एकाच आकाशगंगेत व्यापार करतात, टोळ्या बांधतात, एकमेकांना फसवतात. २७ जानेवारी २०१४ रोजी तिथल्या एका मोठ्या आघाडीचं एका तारामंडळाच्या ताब्यापोटीचं बिल भरलं गेलं नाही. मालकी सुटली, शत्रूने संधी साधली आणि लढाई पेटली. ती २१ तासांहून अधिक चालली, साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले आणि बांधायला महिनोन्‌महिने लागणारी ७५ महाकाय जहाजं राख झाली. नुकसान खऱ्या पैशांत मोजलं तर सुमारे ३ लाख डॉलर. एक न भरलेलं बिल आणि त्यातून महायुद्ध! कुठल्या लेखकाने हे लिहून दिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये सप्टेंबर २००५ मध्ये याहून विलक्षण घडलं. एका राक्षसाच्या शापाने खेळाडूंना संसर्गजन्य रोग लागायचा. तो त्या राक्षसाच्या ठाण्यापुरताच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत शिरला. दुकानदारांची पात्रं मरत नसत, पण रोग पसरवत. काही खेळाडू ओसाड भागात पळाले, काही अनोळखी लोकांना बरं करायला धावले, काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन लागण केली. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, ते जमलं नाही, आणि अखेर खेळातच बदल करून साथ थांबवावी लागली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात यावर लिहिलं. तेरा-चौदा वर्षांनी आपण सगळ्यांनी ती तिन्ही प्रकारची माणसं प्रत्यक्षात पाहिली.

या गोष्टींचं एक वैशिष्ट्य आहे. त्या खेळताना गोष्ट नसतात, सांगताना होतात. कुस्तीच्या फडावरून परतलेला माणूस पारावर बसून डाव कसा उलटला ते सांगतो, तशा. सायबर कॅफेतली आमची पोरं बाहेर चहाच्या टपरीवर नेमकं हेच करत असत. मात्र त्यासाठी हजर असावं लागतं, आणि हजर राहण्याला शेवट नसतो.

इथे पैशाचा प्रश्न येतो. गोष्टीचा खेळ लोक एकदा विकत घेतात, तीस-चाळीस तासांत संपवतात आणि फळीवर ठेवतात. न संपणारा खेळ फुकट देता येतो आणि मग कपडे, बंदुकांचे रंग, नवे हंगाम विकता येतात. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' २०१३ मध्ये तीन नायकांची मोठी गोष्ट घेऊन आला. त्याच्या प्रती २० कोटींहून अधिक खपल्या, तरी त्या तिघांच्या गोष्टीत पुढे एका प्रकरणाचीही भर पडली नाही. वर्षानुवर्षं नवं ते सगळं त्याच्या ऑनलाइन भागात गेलं. 'द लास्ट ऑफ अस' करणाऱ्या नॉटी डॉगने त्याच जगात अनेकांचा खेळ करायला घेतला होता. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी तो रद्द केला आणि कारण मोकळेपणाने सांगितलं: असा खेळ एकदा सुरू केला की पुढची कितीतरी वर्षं सगळ्या स्टुडिओला त्यालाच खाऊपिऊ घालावं लागेल आणि एकट्याने खेळायच्या गोष्टी मागे पडतील. या निर्णयाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

न संपणारे खेळ मरतात मात्र. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि खेळणारेच न मिळाल्याने ६ सप्टेंबरला बंद झाला. युबीसॉफ्टचा मोटारींचा खेळ 'द क्रू' ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. १९७७चा 'अ‍ॅडव्हेंचर' आजही चालतो.

आपल्याकडे पारडं कुठे झुकलंय ते सगळ्यांना दिसतं. कन्सोल आणि महागडा संगणक मोजक्या घरांत, फोन मात्र हातोहाती. गोष्टीचा मोठा खेळ काही हजारांचा, आणि पबजी फुकट. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, पुढच्या वर्षी तो बीजीएमआय होऊन परतला. रात्री गच्चीवर कानात हेडफोन घालून चारजण एकमेकांना 'कव्हर दे' म्हणतात, त्यांच्यासाठी तो खेळ गप्पांचा कट्टाच आहे. नोकरीसाठी चार गावांत पांगलेले मित्र त्या खेळातल्या बेटावर भेटतात. याला कमी लेखणं मला जमणार नाही.

तरीही पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने उलट दिशा धरली. 'राजी' हा त्यांचा खेळ २०२० मध्ये आला. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची वाटचाल बघत आपसांत बोलतात. राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाचे महाल आणि मधूनमधून छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि खेळ 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या गटातल्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याचा शेवट मला धागा तुटावा तसा अचानक वाटला. पण शेवट असा तुटला म्हणून हळहळ वाटते, हीच त्या प्रकाराची ताकद. त्याच पुण्यात सुपरगेमिंगने 'इंडस' हा पबजीच्या जातीचा बॅटल रोयाल खेळ बांधला आणि २०२४ मध्ये आणला. एका शहरात दोन्ही भावंडं.

ती एकत्र येऊ शकतात का? 'ब्रदर्स'वाल्या फारेस यांनीच याचं एक उत्तर दिलंय. त्यांचा २०२१चा 'इट टेक्स टू' एकट्याने खेळताच येत नाही. काडीमोडाच्या उंबरठ्यावर असलेलं जोडपं बाहुल्या होऊन स्वतःच्याच घरात अडकतं. एका खेळाडूकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडा. एकमेकांवाचून पाऊल पुढे पडत नाही. लिहिलेली गोष्ट आहे, तिला शेवट आहे, आणि शेजारी खराखुरा माणूसही आहे. एकाने खेळ घेतला की दुसऱ्याला वेगळा घ्यावा लागत नाही, अशी सोयही केलेली. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला.

राहिली त्या फोल्डरमधली गोष्ट. काउंटर-स्ट्राइक अजून चालू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, आणि कुठल्याही दिवशी एकाच वेळी १० लाखांहून अधिक माणसं तो खेळत असतात. गॉर्डन फ्रीमनची गोष्ट ऑक्टोबर २००७ मध्ये एका हँगरमध्ये थांबली. गॉर्डनची सोबतीण अ‍ॅलिक्स तिच्या मेलेल्या बापाला कवटाळून रडते आहे आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग येणार होता, तो आलाच नाही. २०२० मध्ये आलेला 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' त्याआधीच्या काळात घडतो, आणि ते दृश्य उलटवून गोष्ट पुन्हा एका नव्या वळणावर सोडून देतो.

लेडलॉ २०१६ मध्ये व्हॉल्व्हमधून बाहेर पडले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी एक पत्र प्रसिद्ध केलं. त्यात नावं बदललेली होती. गॉर्डन फ्रीमनच्या जागी गर्ट्रूड फ्रीमाँट नावाची बाई होती, आणि ती जुन्या सोबत्यांना कळवत होती की हँगरमधल्या त्या मृत्यूनंतर सगळे बर्फात कसे गेले, तिथे त्यांना काय सापडलं आणि शेवटी काय झालं. दहा वर्षं थांबलेल्या लोकांनी एका रात्रीत नावं पुन्हा बदलून ते पत्र वाचलं.